पैलवानाची गोष्ट

“कोर्स सात दिवसांचा आहे,” टॉवेलाच्या आतून अण्णा म्हणाले. “आज पाचवा. उगंच घाई करू नकोस.”

स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाफेचं पातेलं होतं, त्यावर वाकलेले अण्णा आणि त्यांच्या डोक्यावर माझा नवा निळा टॉवेल. आवाज खालून, विहिरीतून यावा तसा येत होता.

“पाच दिवसांत थोडा तरी फरक पडायला हवा होता,” मी म्हणाले. “गाल बघा कसा सुजलाय. रविवारी वास्तुशांत आहे. चाळीस माणसं येणार आहेत.”

“माणसं वास्तू बघायला येणार. माझा गाल बघायला येतात होय?”

आई तव्यावर ओव्याची पुरचुंडी गरम करत होती. ती हसली. मी हसले नाही.

तो मंगळवार होता. कोल्हापुरातल्या नव्या फ्लॅटमध्ये आम्ही येऊन महिना झाला होता आणि वास्तुशांतीसाठी आईअण्णा विट्याहून आठवडाभर आधी आले होते. येताना अण्णा सर्दी घेऊन आले. सर्दी कसली, सायनस भरला होता. डाव्या डोळ्याखाली ठणका, खाली वाकलं की डोकं फुटायचं. चष्म्याचा भार नाकावर सोसत नाही म्हणून त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. निघायच्या आधी त्यांनी डॉक्टर गुळवणींकडून गोळ्या घेतल्या होत्या. गुळवणी तेव्हा ऐंशीचे होते, सकाळी तासभरच बसत. अण्णांनी त्यांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं कंपाउंडर म्हणून काम केलं होतं.

“अर्धवट कोर्स म्हणजे अर्धवट विझवलेली चूल,” टॉवेल बाजूला करत अण्णा म्हणाले. चेहरा लाल झाला होता. “वरनं राख दिसते, पण आत निखारा तसाच. किती लोकांना सांगितलं असेल मी हे.”

“कोर्स अर्धवट सोडायचा नाही म्हणतेय मी. औषध बदलून घेऊ. इथं माझ्या ओळखीच्या आहेत नाक-कान-घशाच्या डॉक्टर. ऋताच्या वर्गातल्या मुलीची आई. उद्या सकाळी जाऊ.”

“गुळवणी डॉक्टरांना विचारू की एक फोन करून.”

“त्यांना कशाला? स्पेशालिस्ट आहेत ह्या.”

अण्णांनी आईकडे पाहिलं. आईनं गरम पुरचुंडी त्यांच्या गालाला लावली. “लेक एवढं म्हणतीय तर जावा की,” ती म्हणाली. “तिच्या घरचं कार्य आहे.”

संध्याकाळी ऋता शाळेतून आल्यावर ती आणि अण्णा गॅलरीत बसले. अण्णांच्या हाताला चाळा होता: हाती लागेल तो कागद घडी घालून पुडी करायची. बसचं तिकीट असो, दुधाची पावती असो, पाच घड्या आणि शेवटचं टोक आत खोवलेलं, अशी पुडी की उलटी धरली तरी चिमूटभर पावडर सांडणार नाही. ऋताला ते जमत नव्हतं. ती चिडत होती, ते हसत होते. मग पैलवानाची गोष्ट सुरू झाली.

ती गोष्ट मला पाठ होती. सत्तर सालची. एक पैलवान पायाची जखम चिघळून दवाखान्यात आला. पेनिसिलिन द्यायचं ठरलं. त्या काळी आधी हातावर कातडीखाली थेंबभर औषध टोचून बघत, पेनानं भोवती गोल काढत आणि वीस मिनिटं थांबत. गांधी उठली तर इंजेक्शन द्यायचं नाही. हे काम कंपाउंडरचं. अण्णा सुई घेऊन गेले, तर एवढा सहा फुटी गडी पलंगाच्या मागं जाऊन उभा राहिला.

“म्हणतो कसा, कुस्तीत पाठ टेकायला भीत नाही, पण सुई बघितली की माझं पाणी होतं!” अण्णा सांगत होते. “मग मी काय केलं माहितीय? म्हटलं, अरे गड्या, बघ. आणि दुसरी सुई भरून माझ्याच हातावर टोचली.”

“मग?” ऋता म्हणाली.

“मग काय. पाच मिनिटांत पैलवान उभा आणि कंपाउंडर आडवा!”

ऋता खिदळली. लग्नात, बारशात, एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला सांगतानाही लोक इथंच हसायचे.

“पुढं काय झालं, आजोबा?”

“पुढं ना...”

“ऋता,” मी आतून हाक मारली, “गृहपाठ. आणि अण्णा, ह्या गोष्टी रविवारी सगळ्यांसमोर सांगत बसू नका हं.”

अण्णांनी हातातली पुडी ऋताला दिली. मग अण्णा म्हणाले, “जा बाळ. आई बोलावतीय.”

माझं सासर शिकलेलं. सासरे प्राचार्य, दीर-जावा अमेरिकेत. लग्न ठरताना मी त्यांना सांगितलं होतं की माझे वडील मेडिकल लाइनमध्ये आहेत. ते खोटं नव्हतं. पुढं सगळीकडे तेच सांगत गेले. शाळेच्या फाटकापाशी डॉक्टर मृणाल खांडकेंनाही तेच सांगितलं होतं.

बुधवारी सकाळी अकराला आम्ही त्यांच्या दवाखान्यात होतो. पांढऱ्या भिंती, काचेचं दार, कोपऱ्यात मासे. अण्णा मासे बघत राहिले. मग भिंतीवरची औषधाच्या कंपनीची दिनदर्शिका त्यांना जवळ जाऊन, नाक लावून बघायची होती. मी त्यांना हाताला धरून खुर्चीत बसवलं. त्यांनी घरचा बंद गळ्याचा स्वेटर घातला होता, त्याला बामाचा वास येत होता.

खांडके माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असतील. चांगली बाई होती. तिनं अण्णांच्या नाकात बघितलं, गालावर बोटानं दाबलं, “दुखतंय ना काका? हो, इथंच साचलंय,” म्हणाली. गुळवणींची गोळी बघून म्हणाली, “ही जुनी गोळी आहे. चांगली आहे, पण पाच दिवसांत काहीच उतार नाही म्हणजे बदलूया. बीपी?”

“आहे. गोळी चालू आहे,” मी म्हणाले.

“शुगर?”

“नाही.”

“कुठल्या औषधाचा त्रास झालाय कधी, काका? ॲलर्जी वगैरे?”

अण्णा खुर्चीत सरळ झाले. आदल्या दिवसापासून ते इतके ताठ बसले नव्हते. “त्याचं असं झालं, डॉक्टर,” ते म्हणाले. “सत्तर साली आमच्याकडं एक पैलवान आला होता. मी तेव्हा गुळवणी डॉक्टरांच्याकडं कं...”

“अण्णा,” मी म्हणाले. “ती गोष्ट नको आता. बाहेर पेशंट थांबलेत त्यांचे.”

“अहो, सांगू द्या की,” खांडके हसून म्हणाली. तेवढ्यात दार ढकलून बाहेरच्या मुलीनं डोकं आत घातलं, कुणाचा तरी नाकाचा रक्तस्राव थांबत नव्हता. खांडके अर्धी उठली. तिचं पेन कागदावर तसंच टेकलेलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं. “म्हणजे ॲलर्जी काही नाही ना?”

“नाही,” मी म्हणाले.

तिनं लिहिलं.

अण्णा माझ्याकडे बघत होते. चष्मा नसल्यामुळं त्यांचे डोळे उघडे, लहान दिसत होते. मग ते उजव्या हातानं डाव्या हाताचा कोपराखालचा भाग चोळत राहिले.

खाली औषधाच्या दुकानात त्यांनी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. “नाव नवीन दिसतंय,” ते म्हणाले. “वाच ग जरा.”

मी वर मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव वाचलं.

“ते नव्हे. ते कंपनीचं. खाली बारीक अक्षरात आतलं औषध लिहिलेलं असतं, ते वाच.”

माझा फोन वाजत होता. गुरुजी पूजेची यादी सांगायला थांबले होते. “अण्णा,” मी म्हणाले, “आता तुम्ही दवाखान्यात कामाला नाही. पेशंट आहात. डॉक्टरांनी दिलंय ते घ्यायचं.”

दुकानदार हसला. अण्णाही थोडं हसले. “बरं,” ते म्हणाले.

मी एका प्रकाशन संस्थेसाठी मुद्रितं तपासते. तळटीपेतला चुकलेला अनुस्वार माझ्या नजरेतून सुटत नाही. बारीक अक्षर वाचण्याचे मला पैसे मिळतात.

दुपारी आईनं भाकरी आणि मऊ भात केला होता. अण्णा थोडंसं जेवले. मी पलीकडच्या खोलीत जमिनीवर बसून यादी करत होते. सुपाऱ्या, नारळ, पंचा. दोन्ही खोल्यांमधलं दार उघडं होतं. आईनं गोळी पाकिटातून काढून त्यांच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

“खुंटीवरच्या सदऱ्यातला चष्मा दे ग,” अण्णा म्हणाले.

“पेपर नंतर वाचा. आधी गोळी घ्या.”

अण्णांनी दारातून माझ्याकडे बघितलं. मी यादीतून मान वर केली होती. त्यांनी गोळी तोंडात टाकली.

त्यांनी ती का घेतली, हे मला सांगता येत नाही. मी समोर होते, कदाचित म्हणून.

अर्धा तासही झाला नसेल. प्रथम त्यांच्या तळहातांना खाज सुटली. मग ओठ सुजले. मी धावत गेले तेव्हा ते दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरून बसले होते आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. घाबरलेले मुळीच दिसले नाहीत. पुढच्या पेशंटला बोलवावं तशा स्पष्ट आवाजात ते म्हणाले, “उजू, ॲड्रेनॅलिन.” एकदाच. ते इंजेक्शनचं नाव होतं. सत्तर साली गुळवणी डॉक्टरांनी धावत येऊन त्यांना तेच दिलं होतं.

तिसरा मजला. शिरीष, माझा नवरा, कामावर होता. शेजारच्या भोकरेंनी गाडी काढली. शाळा सुटायची वेळ झाली होती, रस्ता भरलेला होता. जवळच्या हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अण्णांचं डोकं आईच्या मांडीवर होतं आणि ती त्यांना वारा घालत होती. वारा घालायचा थांबव, असं तिला तिथल्या नर्सनं सांगितलं.

तिथला डॉक्टर पोरगेलासा होता. त्यानं पाकीट हातात घेऊन खालचं बारीक अक्षर वाचलं. “हे पेनिसिलिनच्या जातीचं औषध आहे,” तो म्हणाला. “ह्यांना त्याची ॲलर्जी होती, माहीत होतं का घरात?”

“होतं की!” आई म्हणाली. “आमच्या लग्नाच्या आधीचं. पैलवानासाठी स्वतःला टोचून घेतलं, तेव्हापासून वर्ज्य होतं त्यांना. गुळवणी डॉक्टर म्हणायचे, तोडकर, परत घेतलंत तर मी काही तुम्हाला उठवू शकणार नाही.”

हाच त्या गोष्टीचा शेवट. अण्णा तो नेहमी सांगायचे, लोकांचं हसणं ओसरल्यावर, थोड्या खालच्या आवाजात. मीही तो लहानपणापासून ऐकला होता. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माहीत होतं. पण ते गोष्टीतलं वाटायचं आणि त्या सकाळी मला ती गोष्ट थांबवायची होती.

आईनं माझा दंड धरला. “उजू, त्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही का ग?”

“नाही,” मी म्हणाले.

एका दिवसात दुसऱ्यांदा.

खांडके तिसऱ्या दिवशी आली. वास्तुशांतीसाठी आणलेल्या सतरंज्यांवर माणसं बसली होती. ती दाराशीच चप्पल काढून आत आली आणि आईसमोर बसली. खांद्याची पर्स तिनं मांडीवर घेतली होती आणि तिची चेन अर्धी उघडी होती. आत घडी घातलेला कागद दिसत होता. तिच्या दवाखान्याचा, वर निळी पट्टी असलेला, त्या दिवशी तिनं लिहिलेला.

“एवढं विचारायचं होतंत हो बाई,” आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. “एका शब्दाचं काम होतं. ते स्वतः कंपाउंडर होते. तुम्ही विचारलं असतंत तर त्यांनी सांगितलं असतं.”

खांडकेनं माझ्याकडे बघितलं.

मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या शेजारी शिरीष होता, त्याच्या शेजारी सासरे. मला आठवतं, सतरंजीवर एक निळी आणि एक लाल अशा पट्ट्या होत्या आणि एका ठिकाणी दोन लाल सलग आल्या होत्या. मी ती जागा बघत राहिले.

पर्सची चेन लागल्याचा आवाज आला.

“हो,” खांडके म्हणाली. “नीट विचारायला हवं होतं मी. चुकलं माझं.”

ती उठून गेली. जिन्यापर्यंत तिच्यामागं कुणी गेलं नाही.

शिरीषला तक्रार करायची होती. वकीलही बघितला होता. मी म्हणाले, नको, त्यानं काय अण्णा परत येणार आहेत? चार लोकांत ते पसरलं. उज्ज्वलाचं मन मोठं, असं माझ्या सासूबाई पुढं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुढच्या जूनमध्ये खांडकेनं मुलीची शाळा बदलली.

अण्णांचे कपडे आवरताना सदऱ्याच्या खिशात चष्मा सापडला आणि त्याबरोबर एक पुडी. खांडकेच्या औषधाच्या चिठ्ठीची. पाच घड्या, टोक आत खोवलेलं. वाटेत रिक्षात केली असेल. मी ती उलगडली नाही.

आई तेव्हापासून माझ्याकडेच आहे. अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तिनं स्वतःच्या हातानं कुणाला गोळी दिलेली नाही. ऋताला ताप आला की ती पाकीट आणून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवते आणि मागं सरते. “तुझी तू घे बाई,” म्हणते. सुरुवातीला मी रागवायचे.

“चष्मा मागितला होता त्यांनी,” ती म्हणायची. “मी म्हटलं आधी गोळी. ते बघणार होते ग, काय आहे ते. मीच दिला नाही.”

“आई, तुला काय माहीत?”

“त्या बाईनं विचारलं नाही आणि मी चष्मा दिला नाही.” हे वाक्य ती जपासारखं म्हणते. दोन माणसांत तिनं अपराध वाटून घेतला आहे, निम्मा-निम्मा. माझ्या वाट्याला तिनं काहीच ठेवलेलं नाही. उलट मी तिची समजूत काढते. पाठीवरून हात फिरवते. अकरा वर्षं हा हात फिरतो आहे.

किती वेळा सांगायला गेले. तिच्या पंचाहत्तरीच्या दिवशी, ऋता हॉस्टेलला गेली तेव्हा, एकदा नुसतीच भाजी निवडताना. दर वेळी वाटायचं, या वयात तिला हे कशाला? लेकीची उरलेली सावली तरी तिच्याजवळ राहू दे. ही माझी वाक्यं ऐकायला चांगली होती. मी चांगली वाक्यं ओळखते, त्यावरच माझं पोट आहे. त्यांच्यामागं काय लपवलंय, हेही ओळखते.

गेल्या महिन्यात आईची दाढ काढायची होती. दातांची डॉक्टर ऋताहून फार मोठी नसेल. तिनं आईला खुर्चीत टेकवलं, गळ्याभोवती कागदी रुमाल लावला आणि स्टूल ओढून तिच्या उंचीला येऊन बसली. मांडीवर फॉर्म होता.

“आजी, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?”

“मला नाही ग बाळ,” आई म्हणाली. “पण विचारलंस, फार बरं केलंस. विचारायचंच असतं.”

“हो, विचारावंच लागतं.”

“आमच्या ह्यांना होती. त्याचं असं झालं, सत्तर साली त्यांच्या दवाखान्यात एक पैलवान आला होता...”

मी भिंतीकडच्या खुर्चीत बसले होते. बाहेर चार माणसं थांबली होती, काचेतून दिसत होती. मुलीनं पेन खाली ठेवलं. आईनं गोष्ट सांगितली, अण्णा सांगायचे तशीच, पलंगामागं उभ्या राहिलेल्या गड्यासकट. पैलवान उभा आणि कंपाउंडर आडवा, तिथं मुलगी मनापासून हसली. मग विचारलं, “पुढं काय झालं, आजी?”

आईनं पुढचं सांगितलं. गुळवणी डॉक्टर काय म्हणाले तेही. मुलगी हसायची थांबली होती. बाहेरच्या माणसांकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

“आणि एवढं असताना,” आई म्हणाली, “त्या बाईनं एका शब्दानं विचारलं नाही बघ. आणि मी चष्मा...”

“विचारलं होतं, आई,” मी म्हणाले.

आईनं मान वळवली. गळ्याभोवतीचा कागद चुरचुरला.

“तिनं विचारलं होतं. अण्णा सांगायलाही लागले होते. पैलवानापासून सुरू केलं होतं त्यांनी. मीच त्यांना गप्प केलं आणि तिला नाही म्हणून सांगितलं. आता ते कंपाउंडर होतो म्हणतील, म्हणून.” मला वाटलं होतं तेवढा माझा आवाज कापला नाही. “मला त्यांची लाज वाटली, आई.”